पहिलं खोकं

८ ऑक्टोबर

मामा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण ज्या खोलीत बसून हे लिहितेय तिथं खाट, खुर्ची आणि मी एवढंच मावतं. आडवं पडायचं तर पाय बाहेर जिन्यावर जातील. तेव्हा बसूनच नमस्कार.

फोन केला नाही. माझा नंबर दिसला की तुम्ही फोन उशीखाली सारता, हे मला मामीकडून कळलंय. तिला रागावू नका, मी खोदून खोदून विचारलं. पत्राचं तसं होत नाही. पत्र उशीखाली सारलं तरी टोचत राहतं.

भरतीच्या मैदानाबद्दल काही लिहिणार नाही, त्यावर आपलं पटायचं नाही. तुमचं म्हणणं, पोलीस खात्याच्या अख्ख्या इतिहासात अशी पोरगी झाली नाही, जी धावण्याच्या चाचणीत पहिली आली आणि तशीच फाटकातून बाहेर धावत गेली. माझं म्हणणं, फाटक उघडं होतं. असो. तुम्ही बोलू नका, नुसतं वाचा. तुम्ही जन्मभर हवालदारी केलीत, आणि मला हवालदाराला विचारायचंय.

सध्या मी सामान हलवणाऱ्यांकडे कामाला आहे. लोक घर बदलतात ना, त्यांचं घर खोक्यांत भरायचं, ट्रकमध्ये चढवायचं, दुसऱ्या गावी नेऊन लावून द्यायचं. याआधी रोपवाटिकेत होते, त्याआधी सिनेमाच्या तिकीटखिडकीत. तिथं एक माणूस रोज यायचा, दोन तिकिटं काढायचा आणि एकटाच आत जायचा... ते जाऊ दे. आमची टोळी चौघांची. मुकादम, यांच्या कमरेला पट्टा आणि जिभेला अजिबात नाही. ड्रायव्हर, याला सगळे गोगलगाय म्हणतात, का ते सांगायला नको. पैलवान, माझ्याहून हलका, पण फ्रिज पाठीवर घेऊन जिना चढतो. आणि मी. मी स्वयंपाकघर भरते, कारण माझ्या हातून अजून एकही कप फुटलेला नाही. मामी हे वाचून हसेल. हसू दे.

आमच्यात एक रीत आहे, तेवढी नीट ऐका. सगळं घर आम्ही भरतो, पण एक खोकं घरच्यांनी स्वतः भरायचं. ते आम्ही आठवडाभर आधीच रिकामं देऊन येतो. नव्या घरी गेल्या गेल्या जे लागेल ते त्यात: ब्रश, टॉवेल, औषधं, चहाचं सामान, कप. त्याला म्हणायचं पहिलं खोकं. ते ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढतं आणि सगळ्यांत आधी उतरतं. मुकादम म्हणतात, "माणसं काय बोलतात ते ऐकू नकोस. त्यांचं पहिलं खोकं बघ. घरात कोण कुणाला धरून आहे, सगळं कळतं."

तर परवा आम्ही एक घर हलवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही नाव ठेवतो, या साहेबांचं ठेवलं 'हळूच'. कारण आम्ही चमचा उचलला तरी ते म्हणायचे, "हळूच हं. हळूच." पण गोड बोलणं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, प्रत्येकाला 'थकलात का' म्हणून विचारणं. पैलवानाला तर आजपर्यंत कुणी तसं विचारलं नव्हतं, तो दिवसभर त्याच नशेत होता.

बाई घरात नव्हत्या. समोरच्या दारातल्या काकूंनी साहेबांना जिन्यातच गाठलं आणि मोठ्यानं विचारलं, "अहो, बाईसाहेब कुठायत? दिसल्या नाहीत दोन दिवसांत?"

"ती पुढं गेलीय, काकू. नवं घर झाडून पुसून ठेवायला. तुम्हाला माहीतच आहे तिचं, दुसऱ्याचं झाडलेलं चालत नाही."

बरं. मी घर भरायला घेतलं. बाईंच्या रोजच्या चपला दारात. विणायला घेतलेला स्वेटर सुयांसकट खुर्चीवर. आणि खिडकीच्या कठड्यावर चष्मा, जाड भिंगांचा, हातानं शिवलेल्या निळ्या कापडी पिशवीत अर्धा घातलेला. मला वाटलं, एवढ्या जाड काचांशिवाय ही बाई पुढं गेली कशी, आणि झाडतेय काय? पण तेवढ्यात मुकादमांनी हाक मारली. आता सामानवाले अशा वेळी काय करतात, की शेवटी हाताला लागलेली बारीकसारीक वस्तू एप्रनच्या खिशात टाकतात, पुढच्या खोक्यात जागा झाली की घालू म्हणून. मी चष्मा खिशात टाकला.

अंदाज आलाच असेल. विसरले.

नवं गाव चार-पाच तासांवर. गोगलगाय धरून जास्तच. घर खालच्या मजल्यावर, वर घरमालकीण. बाई तिथं नव्हत्याच. झाडलेलंही काही नव्हतं, कोपऱ्यात जाळी लोंबत होती. पहिलं खोकं उघडलं. एक ब्रश. एक टॉवेल. एक ताट. एक कप.

मुकादमांनी तो कप हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत ठेवला.

आणि मग मी वर पाणी मागायला गेले तर घरमालकीण म्हणाली, "नीट लावून द्या हो सगळं. एकटा माणूस आहे बिचारा. बायको जाऊन दोन वर्षं झाली."

मी म्हटलं, "कधी म्हणाले हो असं?"

"घर बघायला आले तेव्हाच. उन्हाळ्यात. डोळ्यांत पाणी होतं."

मामा, घर सोडताना माणूस एक सांगतो आणि घरात शिरताना दुसरं. जुन्या शेजाऱ्यांना दुसरं ऐकू येत नाही, नव्यांना पहिलं. दोन्ही ऐकतात ते फक्त सामानवाले. मी मुकादमांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लोकांची घरं आपण हलवतो, पोरी, ढवळत नाही." पण त्यांनी ते मान खाली घालून म्हटलं.

याला काही अर्थ आहे का, की माझंच डोकं रिकामं म्हणून फिरतंय? चष्मा इथं खाटेवर माझ्याकडे बघत पडलाय.

तुमची,
उघड्या फाटकातली

---

१४ ऑक्टोबर

मामा,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की मान आपोआप वळते.

काल हळूच साहेब आमच्या ऑफिसात आले. एवढ्या लांबून, स्वतःची गाडी घेऊन. सोबत बिस्किटांचा डबा. सगळ्यांची चौकशी केली, पैलवानाच्या पाठीची वेगळी. मग मला म्हणाले, "एक चष्मा होता खिडकीत. सामानात सापडला नाही."

मामा, माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाही हो, मला नाही दिसला." का, ते मला विचारू नका. खोटं बोलताना माझे कान लाल होतात हे तुम्ही मी पाच वर्षांची असताना शोधून काढलं होतं. त्यांनीही कानच बघितले असावेत. हसले.

"असू दे. सापडला तर ज्याचा आहे त्याला देऊन टाका. मला नको."

जाताना म्हणाले, "कुठं राहता? सोडतो गाडीनं." मी म्हटलं, "मला चालायला आवडतं." ते म्हणाले, "हो, दिसतंच. एका जागी टिकणाऱ्या नाही तुम्ही." बिस्किटं चांगली होती. गोगलगायीनं एकट्यानं अर्धा डबा संपवला, या एका बाबतीत तो वेगवान आहे.

मग मी विचार करत बसले. म्हणजे आधी विचार करत बसले, मग शेजारच्या खोलीतल्या शिंप्याला मशीनचा पट्टा चढवून दिला, मग त्यानं मला त्याच्या भावाच्या लग्नाची हकीकत सांगितली, नवरदेव मांडवातून... नाही, आत्ता नको. त्या सगळ्यातून परत आले तेव्हा एक गोष्ट लख्ख डोळ्यांपुढं आली.

समोरच्या काकू. सामान भरायच्या दिवशी त्या दोनदा आत आल्या होत्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "खिडकीतली कुंडी मला राहू दे गं." दिली. दुसऱ्यांदा, मी टेप लावत होते तेव्हा, म्हणाल्या, "खिडकीत आणखी काही राहिलंय का?" मी म्हटलं नाही. त्यांनी कठड्यावरून हात फिरवून बघितला, धूळ बघतात तसा. तेव्हा मला वाटलं चिकट बाई आहे, फुकटात काय मिळतंय बघतेय. पण मामा, काकूंचा स्वतःचा चष्मा दोरीनं गळ्यात होता. मग त्यांना खिडकीतलं काय हवं होतं, आणि कुणासाठी?

उद्या सुटी आहे. मी चष्मा घेऊन काकूंकडे जाणार. ज्याचा आहे त्याला द्यायचा म्हणजे आधी तो कुणाचा आहे ते तरी कळायला हवं.

एक सांगायचं राहिलं. आज संध्याकाळी भाजी घेताना रस्त्यापलीकडे साहेबांसारखीच गाडी दिसली, करड्या रंगाची. अशा गाड्या शंभर असतात म्हणा.

तुमची भाची

---

१५ ऑक्टोबर, दुपार

मामा,

हे मी काकूंच्या जेवायच्या टेबलावर लिहितेय. टेबलाच्या त्या बाजूला बाई बसल्यात. होय, त्याच. चष्मा घालून. गेला अर्धा तास त्या नुसत्या बघतायत. भिंत, कुंडी, माझं नाक. म्हणाल्या, "तुम्ही इतक्या लहान असाल असं वाटलं नव्हतं. दारातल्या भिंगातून तुम्ही नुसता एक निळा ठिपका होतात, खोकी नेणारा."

त्या इथंच होत्या, मामा. स्वतःच्या घराच्या समोर, एका जिन्याच्या अंतरावर. आम्ही त्यांचा संसार उचलून खाली नेत होतो आणि त्या या दाराआड उभ्या होत्या. काकूंनी साहेबांना जिन्यात मोठ्यानं विचारलं ते मुद्दाम. बाईंना आत ऐकू जावं, आणि काकूंना काहीच माहीत नाही असं साहेबांना वाटावं म्हणून. एवढं नाटक तर मी सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसूनही बघितलं नव्हतं.

बाईंनी सांगितलं ते थोडक्यात लिहिते. मला थोडक्यात जमत नाही, पण आज प्रयत्न करते.

साहेब कधी मारहाण करत नाहीत. ओरडतही नाहीत. सगळं हळूच. आधी बाईंची नोकरी सुटली, मग मैत्रिणी, मग फोन. सगळं त्यांच्या भल्यासाठी. घर बदलायचं ठरलं ते साहेबांनी, नवं घर बघून आले तेही एकटेच. सामान जायच्या दोन दिवस आधी म्हणाले, तुला मी गाडीनं पुढं सोडून येतो, घाटातून जाऊ, संध्याकाळी छान दिसतं. बाई तयार झाल्या. निघायच्या आधी त्यांना वाटलं, पहिल्या खोक्यात आपलं औषध ठेवावं. ते खोकं साहेबांनी स्वतः भरून, टेप लावून कपाटामागं ठेवलं होतं. यांनी टेप सोडवली.

एक ब्रश. एक टॉवेल. एक ताट. एक कप.

"मी टेप परत लावली," बाई म्हणाल्या. "नीट, सुरकुती न पडता. त्यांना सुरकुती चालत नाही. आणि समोर वाटी परत द्यायची राहिलीय म्हणून आले, ती इथंच राहिले. चष्मा तिकडं राहिला. वाटी पोचवायला कशाला हवा म्हणून."

मी म्हटलं, "पोलिसांत का नाही गेलात?"

"काय सांगू? नवऱ्यानं एकच कप भरला म्हणून? एका कपावर तक्रार कोण लिहून घेईल? आणि चष्म्याशिवाय मला चार पावलांपलीकडचा चेहरा दिसत नाही हो. जिन्यात उभा असलेला माणूस दूधवाला आहे की ते, हे त्यानं हात धरल्यावर कळणार."

मग मी त्यांना घरमालकिणीचं सांगितलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली, असं ते उन्हाळ्यातच सांगून आले होते, म्हणजे तेव्हा बाई इथं त्यांचे शर्ट इस्त्री करत होत्या. बाई उठल्या आणि कुंडीला पाणी घातलं. काकू म्हणाल्या, "अगं, सकाळी घातलंय." तरी घातलं.

आता ऐका. तिकडं बाई मेलेल्या आहेत, इकडं त्या पुढं गेलेल्या आहेत. मधल्या मधे त्यांचं काहीही झालं तरी विचारणारं कुणी नाही. आमच्या टोळीशिवाय. ही गोष्ट मला आत्ता हे वाक्य लिहिताना कळली. हळूच साहेबांना बहुतेक बिस्किटांच्या आधीच कळली होती.

आणि दुसरं. ते बाहेर आहेत.

मी आले आणि थोड्याच वेळात दारावर टकटक झाली, अगदी बोटाच्या टोकानं. "काकू, दार उघडा. हळूच उघडा, घाबरू नका. ती रागावलीय, मी समजूत काढतो." काकूंनी भिंगातून बघितलं. एक हात कोटाच्या खिशात, तो बाहेर काढत नाहीत. दुसऱ्या हातानं केस नीट केले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर रुमाल अंथरून बसले. मामा, बाई कुठं आहेत ते साहेबांना माहीत नव्हतं. चष्म्यामागून त्यांना मीच इथवर घेऊन आले. ज्याचा आहे त्याला द्या, म्हणाले होते ना.

काकूंनी चौकीत फोन केला. गाडी बाहेर आहे, आली की पाठवतो म्हणाले. मी तुम्हाला फोन केला. मामीनं उचलला. मी सगळं सांगितलं, तिनं तिथल्या तिथं तुम्हाला सांगितलं आणि मग मला तुमचा आवाज आला, लांबून, बहुधा आरामखुर्चीतून. "तिला म्हणावं, दार उघडू नको. आणि या वेळी पळू नको." तीन वर्षांनी ऐकला. घसा बसलाय तुमचा, काढा घ्या.

मी पळणार नाही. पण नुसतं बसून राहायचं तर तो बाहेर, आम्ही आत, आणि चौकीची गाडी कुठं फिरतेय देव जाणे. अंधार पडला की जिन्यात कुणी येत-जात नाही, काकू म्हणतात. म्हणून मी तिसरा फोन मुकादमांना केला. म्हटलं, "एक कपाट हलवायचंय. आत्ता."

मुकादम म्हणाले, "सुटीच्या दिवशी? रिकामं आहे का भरलेलं?"

मी सांगितलं.

मग म्हणाले, "पट्टा बांधून येतो."

काकूंचं लाकडी कपाट आम्ही रिकामं केलंय. बाई आत बसून बघतायत. म्हणतात, गुडघे दुमडले की मावते. खाली ट्रकचा आवाज आला. गोगलगाय आज वेळेवर आली, मामा! थांबते.

---

२ नोव्हेंबर

मामा,

मधल्या काळात तुम्ही सगळं मामीच्या फोनवरून ऐकलंय, शिवाय तुमच्या जुन्या ओळखीच्या पोलीस साहेबांना तुम्ही परस्पर फोन केलात हेही मला कळलंय. पण जिन्यातलं तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल, कारण तिथं मीच होते.

कपाट बंद करताना मी बाईंकडे हात पुढं केला. म्हटलं, "चष्मा द्या."

"आत्ताच तर मिळाला."

"आत अंधारच आहे. द्या."

त्यांनी दिला. मामा, तुम्हाला सांगते, कुणी मला पैसे दिलेत, खोलीची किल्ली दिलीय, एकदा एका बाईनं तान्हं मूल धरायला दिलं आणि बस पकडायला धावली (परत आली, काळजी नको). पण असं काही कुणी कधी दिलं नव्हतं.

दार उघडलं. मुकादम पुढं, पैलवान मागं, मधे कपाट, दोन्ही बाजूंना पट्टे. मी आधी बाहेर आले. साहेब पायरीवरून उठले आणि कपाटाकडे बघायला लागले.

"हे काय?"

"काकूंचं कपाट," मुकादम म्हणाले. "दुरुस्तीला चाललंय. वाळवी."

"रिकामं आहे?"

"रिकामं नसतं तर हा काडीपैलवान मागं उभा राहिला असता का, साहेब? सरका जरा."

ते सरकले नाहीत. पुढं झाले आणि कपाटाच्या दारावर तळवा ठेवला. पैलवानाच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. आतून काही आवाज नाही.

मी निळी पिशवी बाहेर काढली.

"साहेब, तुमचा चष्मा. खोटं बोलले मी. ज्यांचा आहे त्यांनी घेतला नाही हो. तुम्हालाच परत करायला सांगितलाय."

तळवा कपाटावरून उठला. पिशवी घेतली, चष्मा काढून उजेडात धरला, खरा आहे का बघितलं. आणि मामा, त्यांचा चेहरा असा सैल पडला, बूट काढल्यावर माणसाचा पडतो तसा. चष्मा बाहेर आहे म्हणजे ती आत घरातच आहे, आणि चष्म्याशिवाय ती कुठं जाणार? ते मागं सरकले. एवढंच नाही. जिन्याच्या वळणावर कपाटाचा कोपरा भिंतीला लागणार तेवढ्यात त्यांनी स्वतः हात घालून तो धरला आणि म्हणाले,

"हळूच. हळूच हं."

मुकादम म्हणाले, "आभारी आहे."

मी त्यांच्याबरोबर खाली जाऊ शकले असते. फाटक उघडं होतं, तुमच्या भाषेत सांगायचं तर. पण मी गेले असते तर आत आता कोण उरलं, असा प्रश्न त्यांना पडला असता. म्हणून मी बंद दाराला पाठ लावून खाली बसले. ते शेजारी बसले, रुमालावर.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या, चहा घेऊन निघते."

"चहा तिला माझ्या हातचाच लागतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हाला घर नाही ना? म्हणजे तुम्ही दिसेनाशा झालात तर किती दिवसांनी लक्षात येईल कुणाच्या?" अगदी आपुलकीनं, मामा, पैलवानाला पाठीचं विचारलं तसं. कोटातला हात कोटातच.

मी म्हटलं, "माझे मामा हवालदार होते. दर आठवड्याला पत्र लिहिते त्यांना. पत्र चुकलं की ते रजिस्टरला नोंद करतात."

हे खोटं होतं. पण कान गरम झाले नाहीत, हे मला तिथं बसल्या बसल्या जाणवलं.

खाली ट्रकचं दार आपटल्याचा आवाज आला. मग इंजिन, मग गोगलगाय दुसऱ्या गिअरमध्ये, आणि मामा, शपथ, तिसऱ्या. मी त्यांच्याशी बोलत राहिले. रोपवाटिकेचं, सिनेमाचं, दोन तिकिटं काढून एकटाच जाणाऱ्या माणसाचं. तुम्ही सगळे म्हणता मी विषय सोडून भरकटते, बाकी कुणी एवढा वेळ भरकटून दाखवा. ते ऐकत होते. खरंच ऐकत होते, एकदा हसलेही. मग एकदम थांबले, हातातल्या चष्म्याकडे बघितलं, मग जिन्याकडे, जिथून कपाट गेलं होतं.

"वाळवी," ते म्हणाले.

उठले. खिशातला हात बाहेर आला. त्यात एक दोरी होती, पडद्याची असते तशी, नीट गुंडाळलेली, सुरकुती नाही की गाठ नाही. माझ्याकडे एक पाऊल टाकलं. मी हलले नाही. शूर म्हणून नाही, मामा. पाठीमागे दार होतं, समोर ते, आणि माझे पाय, जे आयुष्यभर आधी निघतात आणि मग मला कळवतात, ते तेव्हा नेमके झोपले होते. पण त्यांच्यामागून, खालच्या वळणावरून, जड बुटांचे आवाज वर येत होते. तुम्हाला तो आवाज माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. त्यांनीही ऐकला. दोरी परत खिशात ठेवली, केस नीट केले आणि आलेल्या शिपायाला म्हणाले, "हळूच या, पायरी तुटलीय."

ट्रक तोपर्यंत थेट पोलीस ठाण्याच्या दारात उभा होता. मुकादमांनी कपाट अंगणात उतरवून उघडलं तेव्हा पहारेकऱ्यानं विचारलं, काय आहे? मुकादम म्हणाले, "तक्रारदार."

नव्या गावच्या घरमालकिणीचा जबाब झालाय. मुकादमांचाही झाला. लोकांची घरं ढवळत नाही म्हणणाऱ्या माणसानं दोन तास ढवळलं, शेवटी ठाण्याच्या साहेबांनीच हात जोडले. हळूच साहेब कोठडीत आहेत. त्यांचा वकील म्हणतो, एकच कप भरणं हा गुन्हा नाही. बरोबर आहे. पण कप, घरमालकीण, घाट आणि दोरी हे सगळं एका रांगेत मांडलं की वकिलालाही पाणी प्यावं लागतं.

गेल्या रविवारी आम्ही बाईंना नव्या खोलीत हलवलं. त्यांचं पहिलं खोकं मी उतरवलं आणि उघडून बघितलं, राहवलं नाही. पोलिसांनी साहेबांकडून परत आणून दिलेली चष्म्याची निळी पिशवी आणि विणायचा स्वेटर, औषध, एक कप. मी कपाकडे बघत उभी राहिले, तर बाई हसल्या. "आता मला एकच पुरतो हो," म्हणाल्या. "तुम्ही मात्र आपला घेऊन या."

आता माझं. खटला उभा राहील तेव्हा मला साक्षीला बोलावतील. दोन्हीकडचं स्वतःच्या कानानं ऐकलेली मी एकटी, घरमालकिणीकडे पाणी मागायला मीच गेले होते. कधी बोलावतील सांगता येत नाही, वर्षसुद्धा लागेल म्हणाले. तोवर गाव सोडून जायचं नाही. मी गेले तर उरतो तो कपच. मी मुकादमांना सांगितलंय, खाटेची खोली सोडून जरा मोठी बघा. साष्टांग नमस्कार घालता येईल एवढी.

जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं, "सध्याचा पत्ता?" तो सांगितला.

"कायमचा पत्ता?"

मी इकडं तिकडं बघितलं. त्यांनी पेन उचलून धरलं होतं. म्हणाल्या, "अहो, समन्स पाठवायला लागतो. जिथून तुम्हाला निरोप नक्की मिळेल असा."

मी तुमचा दिला, मामा. घर नंबर, गल्ली, पिंपळाशेजारी, सगळं. एका दमात.

तेव्हा माझ्या नावाचं एक सरकारी पाकीट तुमच्याकडे येईल. परत पाठवू नका. उशीखाली ठेवा, मी न्यायला येते.

तुमची भाची